मिसेस लिम यांची ओटी

"तुझं खेळणं कुणी घेतलं तर तू काय करशील?" केतकीनं विचारलं.

"चावीन," शरू म्हणाली.

केतकीनं डोळे मिटले. माझी सून चिडली की ओरडत नाही, डोळे मिटून मनात आकडे मोजते. मोजून झाल्यावर तिनं हातातल्या कागदावरचं उत्तर पुन्हा वाचून दाखवलं. आपण आळीपाळीनं खेळू या, असं म्हणायचं. शरू तेव्हा चार वर्षांची. तिनं ते वाक्य इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवलं आणि वर मराठीत जोडलं, "आणि मग चावीन."

मी शेजारी कोथिंबीर निवडत होते. हसू आवरेना म्हणून मी खाली वाकून देठं गोळा करण्याचं नाटक केलं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. सिंगापूरला चौदाव्या मजल्यावर माझ्या मुलाचं, परागचं, घर होतं. तो जहाजांच्या कंपनीत, केतकी बँकेत, दोघंही सकाळी आठला बाहेर पडणार आणि संध्याकाळी सहानंतर उगवणार. मी बार्शीहून तीन महिन्यांसाठी गेले होते. हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बार्शीच्या घरात मी एकटी होते आणि एकटीसाठी कुकर लावायचा मला मनस्वी कंटाळा यायचा, इतकंच सांगते.

त्या घरात तेव्हा शाळा सोडून दुसरा विषय नव्हता. तिथल्या सरकारी शाळांत आधी तिथल्या नागरिकांची मुलं, मग जागा उरलीच तर आपली. म्हणून सगळे बाहेरचे लोक आंतरराष्ट्रीय शाळांच्या मागे. एकेका शाळेचा फॉर्म म्हणजे लग्नाच्या याद्यांसारखा, संपता संपेना. मुलाचे फोटो, मुलानं काढलेली चित्रं, मुलाबद्दल आईनं लिहिलेला निबंध, बापानं लिहिलेला वेगळा निबंध. परागनं शरूला 'निसर्गाची ओढ आहे' असं लिहिलं होतं. पोरीला मुंग्या चिरडायची ओढ होती, पण ते असो. इतकं करून आठ शाळांनी नकार कळवला होता. कारण कुणी देत नव्हतं. नववी आणि शेवटची शाळा एका टेकडीवर होती.

आठवा नकार आला त्या रविवारी जेवताना पराग म्हणाला, "ही पण नाही मिळाली तर शरूला दोन वर्षं बार्शीला आईकडे ठेवू. आई शिकवेल. मग बघू."

केतकीनं मान वर केली नाही. ती पानातला भात नुसता कालवत बसली, एक घास तोंडात घातला नाही. तिच्या पोटात काय तुटत असेल ते मला बाई म्हणून कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला ती पोर हवी होती. सकाळी उठल्यावर कुणीतरी अंथरुणात लाथा मारणारं हवं होतं. दुसऱ्याच दिवशी, दोघं ऑफिसला गेल्यावर, मी बार्शीला शेजारच्या कुमुदला फोन लावला आणि जवळच्या बालवाडीत जागा आहे का ते विचारून ठेवलं. जागा होती. तिथं निबंध लागत नव्हता.

मग मी शाळा मिळू नये म्हणून कामाला लागले.

पहिला प्रयत्न मुलाखतीच्या दिवशी केला. शाळेत दहा-बारा पोरांना एका खोलीत सोडायचे आणि शिक्षिका कोपऱ्यात बसून कोण कसं खेळतं ते टिपून घ्यायच्या. केतकीनं शरूला सकाळी उकडलेलं अंडं आणि अर्धं केळं द्यायला सांगितलं होतं, म्हणजे म्हणे डोकं तल्लख राहतं. मी शिरा केला. तूप सोडलं ते हात आखडता न घेता. शरूनं दोन वाट्या खाल्ला, वरून दूध प्यायली, आणि शाळेत पोचेपर्यंत तिचे डोळे जड झाले होते. मी म्हटलं, चला, आता ही तिथं पेंगणार आणि काम फत्ते.

मी दाराच्या काचेतून बघत होते, तर झालं उलटंच. बाकीच्या पोरांनी आया दिसेनाशा होताच भोकाड पसरलं. एकानं ठोकळा फेकला, एक दाराला लोंबकळला, एकीनं शिक्षिकेचा चष्मा ओढला. आमची शरू मधोमध मांडी घालून सुस्त बसली होती. एका पोरानं तिच्या हातातलं अस्वल ओढून नेलं, तर तिनं जांभई देऊन दुसरं घेतलं. आठवड्यानं शाळेचं पत्र आलं, की मुलगी विलक्षण शांत आणि समजूतदार आहे, आता शेवटची पायरी म्हणून आमच्या शिक्षिका तुमच्या घरी येऊन तासभर बसतील. परागनं मला उचलूनच घेतलं. म्हणाला, आई, तुझा पायगुण. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

पत्रासोबत नियमांची पुस्तिका होती, चाळीस पानी. परागनं ती चाळली आणि फ्रिजवर टाकून दिली. मी मात्र पोस्टात एकतीस वर्षं काउंटरवर काढलेली बाई. छापील कागद दिसला की मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि महत्त्वाचं दिसलं की खाली रेघ ओढते. इंग्रजी मला बोलायला जड जातं, वाचायला नाही आणि ऐकायला तर मुळीच नाही. एक दुपार घालवून मी पुस्तिका संपवली. अकरावं कलम वाचलं आणि चष्मा काढून पुसला. शाळेच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला प्रवेशाच्या काळात कोणतीही भेटवस्तू दिल्यास, ती कितीही किरकोळ असली तरी, अर्ज रद्द होईल.

मला एवढंच पाहिजे होतं. पण दोष माझ्यावर यायला नको होता. मुद्दाम केलं असं दिसलं तर परागनं जन्मभर तोंड बघितलं नसतं. खेडवळ म्हातारी, तिला बिचारीला कुठलं नियमांचं कळतंय, असं सगळ्यांनी म्हणायला हवं होतं. तासाभरात माझा बेत ठरला. मी लिटल इंडियात जाऊन शेंडीचा नारळ आणला, हिरवा खण आणला, आणि दोन्ही बांधून माझ्या पेटीत ठेवून दिलं.

त्या शिक्षिका, मिसेस लिम, शनिवारी सकाळी बरोब्बर दहाला आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, केस मागं चापून बसवलेले, हातात निळी फाइल. बोलणं जेवढ्यास तेवढं. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की त्यांना दोन मुलगे आहेत आणि नवरा त्यांना गाडीनं खाली सोडून गेलाय. मी म्हटलं, छान, सवाष्ण आहे. परागनं माझी ओळख करून दिली, आईला इंग्रजी येत नाही म्हणाला. तो असं नेहमी सांगतो, त्याला तसंच वाटतं. मी पण मान डोलावली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर सावरून बसले.

तासभर शरूनं आमची अब्रू राखली म्हणायची की घालवली, मला अजून ठरवता आलेलं नाही. ती मिसेस लिमना कुंडीतलं मुंग्यांचं वारूळ दाखवायला बाल्कनीत घेऊन गेली. परागनं निसर्गाची ओढ पुराव्यानिशी सिद्ध झाल्यासारखी मान हलवली. केतकी सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, हातात हात घट्ट धरून. मधूनच ती शरूकडे अशी बघत होती, की जणू उद्याच पोरीला विमानात बसवायचंय. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

अकरा वाजता मिसेस लिम उठल्या. मी लगबगीनं आत गेले, ताट घेऊन बाहेर आले. नारळ, खण, तांदूळ, सुपारी, हळदीकुंकवाचा करंडा. परागचा चेहरा कोरड्या चुन्यासारखा पांढरा पडला. पुस्तिका वाचली नसली तरी एवढं त्याला कळलं असावं. तो "आई, नको," म्हणेपर्यंत मी बाईंच्या कपाळाला कुंकू टेकवलं होतं.

"केतकी, यांना सांग," मी भाबडा चेहरा करून म्हटलं, "आमच्यात सवाष्ण बाई घरातून रिकामी पाठवत नाहीत."

ओटी घ्यायला मिसेस लिमकडे पदर नव्हता. मी समोर ताट धरलेलं बघून त्यांनी गोंधळून हातातली फाइलच आडवी पुढं केली. मी तिच्यावर खण ठेवला, नारळ ठेवला, आणि वर ओंजळभर तांदूळ सोडले. थोडे तांदूळ फाइलीवरून घरंगळून त्यांच्या बुटांवर पडले. शरूला ते फार आवडलं. तिनं आणखी टाक म्हणून टाळ्या वाजवल्या.

मिसेस लिम त्या ओझ्याकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, की नियम तुम्हाला पाठवले होते. मला हे घेता येणार नाही, आणि दिलं गेलं याची नोंद करणं मला भाग आहे.

जमलं, मी मनात म्हटलं. बालवाडीच्या बाकावर मला शरू बसलेली दिसायला लागली.

बोलली ती केतकी. ती माझ्याकडे बघत होती, बराच वेळ, डोळे न मिटता. मग मिसेस लिमकडे वळून ती इंग्रजीत, सावकाश बोलायला लागली.

"ही भेट नाही. ही आमच्याकडच्या बायका एकमेकींसाठी करतात अशी गोष्ट आहे. पण ज्या बाईचा नवरा गेलाय तिनं ती करायची नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आईंनी कुणाची ओटी भरलेली नाही. माझ्या बहिणीचं डोहाळजेवण होतं, सगळ्यांनी आग्रह केला, तरी त्या मागं बसून राहिल्या. आज पहिल्यांदा त्यांनी हातात ताट घेतलं. तुम्हाला नोंद करायची असेल तर करा. पण ते त्यांच्या हातात परत देऊ नका."

मी कोण सवाष्ण आणि कोण काय ते मोजत बसले होते, आणि स्वतः कोण आहे तेच विसरले होते. कारस्थानाच्या भरात मी विधवा आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दोन वर्षं लोकांच्या नजरा नकोत म्हणून मी प्रत्येक हळदीकुंकवाला मागच्या रांगेत बसत आले, आणि इथं नातीची शाळा बुडवायला मी कुंकवाचं बोट पुढं केलं. मला रडू आलं, ते खरं आलं. आणि सुनेनं माझ्या कपटाला इतकं सोज्वळ करून मांडलं, याची लाज वाटली.

मिसेस लिमनी फाइल अलगद टेबलावर ठेवली, नारळ आणि खण बाजूला काढला. मग तांदळातले चिमूटभर दाणे घेऊन रुमालाच्या कोपऱ्यात बांधले. म्हणाल्या, एवढ्याला कुणी वस्तू म्हणणार नाही. बाकीचं माझ्या हातात न देता त्यांनी शरूच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता जातील. पण त्या परत बसल्या आणि फाइल उघडली.

"एक प्रश्न राहिला," त्या केतकीला म्हणाल्या. "आजींना भाषा येत नाही म्हणून मी सोडून देणार होते. तुम्ही त्यांना विचारून सांगा. शाळा अडीचला सुटते. तुम्ही दोघं सहापर्यंत बाहेर असता. अर्जात तुम्ही लिहिलंय की आजी यापुढे कायम इथंच राहणार आहेत. हे खरं आहे का?"

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी केतकीकडे बघितलं. तिचे कान लालबुंद झाले होते, पण तिनं नजर वळवली नाही. परागनं तर कपाळालाच हात लावला, त्यालाही ते माहीत नसावं.

पेटीतल्या कप्प्यात माझं एकोणीस तारखेचं परतीचं तिकीट होतं. मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. ते खरं होतं, त्यात माझा दोष नव्हता, कुणी मला नाव ठेवलं नसतं. नारळ नको, खण नको, एका शब्दात पोर माझी होत होती. केतकी माझ्यासाठी तो प्रश्न मराठीत सांगायला तोंड उघडत होती आणि तिला शब्द सापडत नव्हते. मी इतक्या वर्षांत तिला असं अडखळताना पाहिलं नव्हतं.

"यस," मी इंग्रजीत म्हटलं. "आय स्टे."

मिसेस लिमच्या भुवया वर गेल्या. माझ्याकडे, परागकडे, टेबलावरच्या नारळाकडे, असं सगळीकडे बघून त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. फाइलीत काहीतरी लिहिलं, शरूला टाटा केला आणि गेल्या. बुटावरचे दोन दाणे तसेच राहिले होते.

पराग दार लावून आला तो सोफ्यावर आडवाच झाला. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. मागोमाग केतकी आली. तिनं नळ सोडला, पाण्याचा आवाज बाहेर जाऊ दिला, आणि मग बोलली.

"अकराव्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ आहे, आई. या घरात पेन्सिल तुम्ही आणि शरू, दोघीच वापरता. आणि शरूला अजून वाचता येत नाही."

नाकारण्यात काही अर्थ नव्हता. "पोर हवी होती मला," मी म्हटलं. "घर खायला उठतं गं."

"मला पण हवी आहे."

"मग बाईंना ते सगळं का सांगितलंस? मी कशासाठी करतेय ते तुला माहीत होतं."

"मी सांगितलं त्यात खोटं काय होतं?"

मी विचार केला. काहीच नव्हतं. पोरीनं माझाच डाव घेऊन माझ्यावर उलटवला होता आणि एक शब्द खोटा वापरला नव्हता. पण मी पण पोस्टातली. म्हटलं, "आणि मी कायमची राहणार म्हणून लिहिलंस, मला न विचारता, ते?"

"आठही शाळांनी एकच विचारलं होतं, दुपारी घरी कोण असतं," केतकी म्हणाली. मग तिनं नळ बंद केला. "हो. ते खोटं होतं. आज अकरा वाजेपर्यंत."

ती हसायला लागली, आणि हसता हसता ओट्याला धरून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो नारळ मी त्याच दुपारी फोडला आणि वड्या केल्या.

दहा दिवसांनी शाळेचं पत्र आलं, प्रवेश मिळाल्याचं. एकोणीस तारखेचं तिकीट रद्द केलं. व्हिसाची मुदत संपली की बार्शीला एखादी फेरी व्हायची, कुमुदकडची किल्ली घेऊन घर झाडायचं आणि परत यायचं. अशी चौदा वर्षं गेली. रोज अडीचला मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. शरूनं कुणाला चावलं नाही, निदान माझ्या देखत नाही.

परागला मात्र अजून काही माहीत नाही. घरी पाहुणे आले की तो ही गोष्ट रंगवून सांगतो. आमची आई किती भाबडी, तिला नियम-बियम काही ठाऊक नाही, नारळ घेऊन उभी राहिली, आणि त्या बाईंचं मन विरघळलं. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. केतकी आणि मी पानात बघतो.

गेल्या महिन्यात शरू पुढच्या शिक्षणाला एडिनबर्गला निघाली. अठरा वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच. आदल्या दिवशी दुपारी आम्ही चौघंच जेवायला बसलो होतो, आणि परागनं पुन्हा तीच गोष्ट काढली. शरू ऐकत होती. ती तिनं शंभरदा ऐकलेली, पण त्या दिवशी तिनं मधेच विचारलं, "पण बाबा, त्या बाई नाही म्हणाल्या असत्या तर मी कुठं असते?"

"बार्शीला. आजीकडे," पराग म्हणाला.

शरूनं आमटीचा घोट घेतला. "मग ते पण चाललं असतं," ती सहज म्हणाली.

माझा घास तोंडातच राहिला. समोर केतकीचा हात पोळीवर थांबला होता. चौदा वर्षांत या एका गोष्टीवर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नव्हतो.

"मला नसतं चाललं," केतकी म्हणाली. लेकीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

"मला चाललं असतं," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी एकदम हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पराग आमच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि काय झालं, काय झालं, म्हणून विचारत राहिला.